एकट्याची नाव

लाकडाशी बोलायची सवय असलेल्या माणसाला कागदाशी बोलता येत नाही, हे मी अंकाच्या संपादकबाईंना सांगून पाहिलं. त्यांनी आमच्याकडे चहा घेतला, कामाच्या छपरात पडलेल्या अर्धवट डोंग्यात बसून स्वतःचा फोटो काढवून घेतला आणि जाताना ‘दिवाळीच्या आत द्या हं’ असं म्हणून मोकळ्या झाल्या. आता लिहिणं आलं. पहिला डोंगा कधी बांधला, कोणाकडे शिकलो, किती बांधले हे सगळं मी गाळतो आहे. त्यात कोणाला रस नसतो आणि मला तर मुळीच नाही.

ज्यांनी कधी वैनगंगा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगा म्हणजे आमच्याकडची नाव. बूड सपाट, दोन्ही टोकं जरा उचललेली. बुडाला सागाचं लाकूड, कडांना येनाचं. फळ्यांच्या भेगांत कापसाची वात ठोकून बसवायची, वरून राळ आणि तेल उकळून चोपडायचं. हत्यारं चार-सहाच लागतात. खरी लागते ती नजर. नाव पाण्यावर कशी बसते, पुढून दबते की मागून, हे ज्याला काठावरून कळत नाही त्याने पलंग बनवावेत. पलंगालाही मान आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. वरठीच्या एका फिटरने स्वतःच्या हाताने लोखंडी डोंगा जोडून आणला आणि ‘फक्त रंग मारून द्या’ म्हणाला. मी मारून दिला. डोंगा अजून तळाशी आहे, रंगासकट. सानगडीच्या एका नवरदेवाला तलावावरून वरात न्यायची होती. डोंगा चांगला होता, पण बँडवाले सगळे फोटोसाठी पुढच्या टोकाला गोळा झाले. मी काठावरून ‘ढोलवाले मागं व्हा, मागं व्हा’ म्हणून घसा फोडत होतो आणि त्यांना वाटत होतं मी नाचतो आहे. नवरदेव कमरेपर्यंत भिजून बोहल्यावर उभा राहिला. असं हसण्यासारखं माझ्याकडे खूप आहे. पण बाईंनी ‘लक्षात राहिलेला अनुभव’ मागितला आहे आणि जो लक्षात राहिला तो हसण्यासारखा नाही.

दिवाकर गजभिये नावाचा एक माणूस अलीकडेच, एका हिवाळ्यात, मोटारसायकलवरून माझ्या छपरात आला. केस पांढरे, पण अंग ताठ. उभा राहिला तर पाय फाकवून, जमीन हलेल की काय अशा बेताने. जन्मभर मोठ्या मालवाहू जहाजांवर नोकरी करून निवृत्त झालेला. मासे धरणाऱ्या ढीवरांच्या आणि शेतकऱ्यांच्या आमच्या मुलखात समुद्रावर गेलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. लग्न केलेलं नव्हतं. आसगावला बहिणीकडे राहत होता.

‘‘भाऊ, एक नाव आहे माझ्याजवळ. शिडाची. दुरुस्त होईन का?’’

‘‘पाह्यल्याशिवाय कसा सांगू साहेब? कुठं आहे?’’

‘‘बहिणीच्या अंगणात. तणशीखाली.’’

मी जाऊन पाहिलं. धानाच्या तणशीचा ढीग उपसला तर खाली खरंच एक छोटी शिडाची नाव निघाली. कुठल्याशा बंदरावरच्या क्लबाने मोडीत काढलेली, याने ट्रकवर घालून आणलेली आणि मग हा पुन्हा जहाजावर निघून गेलेला. बैलांसकट बंडी उभी राहील एवढी लांबी. कोंबड्या तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालत आल्या होत्या. शीड उंदरांनी खाल्लेलं. मी टोचा काढून फळ्यांना लावून पाहिला. चांगल्या लाकडाला टोचा लावला की टक्‌ असा आवाज येतो. इथे तो मुकाट्याने आत जात होता.

‘‘नवी बांधून देतो,’’ मी म्हणालो. ‘‘हिच्यात हात घालाले लावू नका.’’

‘‘नवी नाही पाह्यजे. हिलेच करा. आन्‌ एकट्यापुरती करा. पुढची बसाची पाटी काढून टाका. मले तिथं झोपाले जागा पाह्यजे.’’

‘‘एकट्यानं कुठं जाता?’’

‘‘धरणाच्या पाण्यावर. आठ-आठ दिवस पाण्यावरच राहाचं. आमचं गाव हाये ना तिथं खाली.’’

त्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. गाव हललं तेव्हा हा कुठल्या तरी समुद्रात होता. आई पुनर्वसनाच्या वसाहतीत वारली, तेव्हाही समुद्रात होता. हे त्याने मला सांगितलं ते आवाज न बदलता, हवामान सांगावं तसं. मला तो तिथेच आवडला. पण मी तोंडावर तसं दाखवलं नाही, कारण गिऱ्हाईक आवडलं की मजुरीत खोट येते.

ते काम मी जसं केलं तसं क्वचितच केलं असेल. कुजलेल्या फळ्या काढल्या, सागाच्या नव्या बसवल्या. शिडाची नाव आमच्या डोंग्यासारखी नसते. सपाट बुडावर शीड उभारलं तर वारा तिला खेकड्यासारखी आडवी नेतो. म्हणून तिच्या मधोमध एक खाच असते आणि त्यातून एक उभी फळी पाण्यात सोडायची. ती फळी पाणी धरून ठेवते, मग नाव सरळ जाते. हे मला गजभियेने शिकवलं, आणि वात कशी ठोकायची ते मी त्याला शिकवलं. तो रोज यायचा. घासकाम सगळं त्याचंच. मंडप शिवणाऱ्या शिंप्याकडून शीड शिवून घेतलं. डोलकाठीसाठी सागाचा सरळ लांब सोट आणला. कामाच्या भरात आम्ही एकमेकांना ‘अहो-जाहो’ करायचं विसरून गेलो.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाव दुरुस्तीत असते तेव्हा तिच्यात बसायच्या जागी एक दगड ठेवतात. आम्ही त्याला ‘बसता’ म्हणतो. व्यवहाराचं कारण असं की ठोकाठोकीत नाव हलत नाही. दुसरं कारण मला माझ्या बापाने सांगितलं होतं: माणसाच्या मापाची जागा रिकामी ठेवू नये, कोणी तरी येऊन बसतं. आणि हा दगड नदीच्या पात्रातलाच लागतो, पाण्याने घोटलेला, ज्याच्यावर कधी कोणी बसलेलं नाही असा. मी तसाच एक गोटा उचलून नावेच्या पुढच्या भागात, काढलेल्या पाटीच्या जागी ठेवला आणि गजभियेला रीत सांगितली. तो हसला.

‘‘मी नाही मानत भाऊ असं काही. आमच्या घरी हे नसतेच.’’

‘‘मानू नको. फक्त हलवू नको.’’

उन्हाळा चढला. धरणाचं पाणी उतरलं की जुनी गावं वर येतात. भिंतींच्या रेघा, विहिरीचं तोंड, गावच्या पाण्याची टाकी, वाळलेली झाडं. लोक मोटारसायकली काढून आपापलं घर पाहायला जातात. गजभियेही काही दिवस आला नाही. मग आला आणि पहिल्यासारखा कामाला लागला. मी तेव्हा उन्हाने वैतागलो होतो आणि एका डोंग्याची घाई होती, त्यामुळे त्याच्या नावेत डोकावलो नाही.

माझ्या छपराखालीच धरणाचं पाणी लागतं; पहिल्या पावसानंतर नाव तिथे भिजत घातली. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. नवी-जुनी फळी एकत्र असली की नाव आधी उथळ पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, भेगा आपोआप मिटतात. मग पाणी उपसायचं, आतून पुसायची आणि तरंगत सोडायची. तरंगल्यावर पाणी कुठपर्यंत येईल त्याचा अंदाज घेऊन मी तिच्या अंगावर निळी रेघ ओढली होती. या रेघेत माझी कधी बोटभराची चूक होत नाही. हा गर्व आहे, असू दे.

नाव सोडली ती सकाळची वेळ होती. वारा नाही, पाणी ताटात वाढल्यासारखं. नाव तरंगली आणि माझ्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. मागची रेघ पाण्याच्या वर वीतभर उचललेली आणि पुढची पाण्याखाली गेलेली. नाव पुढून दबली होती.

‘‘पाणी शिरलं पुढं,’’ गजभिये म्हणाला.

आत उतरून पाहिलं. कोरडी ठणठणीत. बसता पुढे होता, तो गजभियेने उचलून काठावर काढला; माझी नजर रेघेवरच होती. नाव जराशी वर आली आणि पुन्हा खाली बसली. जेवढी दबायला पाहिजे त्याहून जास्त. एक माणूस पुढे बसावं तेवढी. बारकं माणूस, पण माणूस.

मी लाकडाचा विचार केला. नवी फळी जास्त पाणी प्यायली असेल. पण नवी फळी मागे होती, पुढे नव्हती. मग मी गजभियेला मागे सुकाणूजवळ बसवलं. एकटा माणूस मागे बसला की पुढचं टोक आभाळाकडे बघतं, पोरंसुद्धा सांगतील. ही नाव सपाट बसली. समोरासमोर दोघं बसल्यावर बसते तशी, अगदी रेघेवर.

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पुढच्या काठावर हात टेकला, आत चढावं म्हणून. तेव्हा जे झालं ते मी आजपर्यंत फक्त घरी सांगितलं आहे. नावेत बसलेलं माणूस, दुसरं कोणी चढायला लागलं की जागा करून देतं. थोडं सरकतं. ते सरकलेलं वजन हाताला कळतं. मला ते कळलं. माझ्याकडून पलीकडच्या अंगाला, हळूच, सोशिक माणसासारखं कोणी तरी सरकलं. दिवसाढवळ्या, वर ऊन होतं, काठावर शेळ्या चरत होत्या.

मी बाहेर आलो आणि काठावर काढलेल्या बसत्याकडे पाहिलं. तो माझा गोटा नव्हता. चपटा, चौकोनी, छिन्नीने घडवलेला दगड, वरचा भाग मधोमध झिजून गुळगुळीत झालेला.

‘‘दिवाकर, हा दगड कुठला?’’

तो नावेतून उतरला नाही. पुढे, रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

‘‘आमच्या घरची पायरी हाये,’’ तो म्हणाला. ‘‘पाणी उतरलं तेव्हा आणली. तू मनला ना दगड लागते, तर मी मनलं हाच ठेवावा. सपाट हाये, हालत नाही.’’

‘‘नदीतला मनलो होतो मी! ज्याच्यावर कोणी बसलं नाही असा! कोण बसे या पायरीवर?’’

‘‘आई बसे. मी जहाजावर असलो का संध्याकाळी तिथंच बसून राहे. बहीण सांगते.’’

मला त्याचा इतका राग आला की हातात काही असतं तर मी फेकलं असतं, पण काही नव्हतं म्हणून मी नुसताच ओरडलो. शिकलेला आहेस, जग पाहिलेलं आहेस, एवढी साधी रीत पाळता येत नाही का, असं बरंच बोललो. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘‘मी मानत नाही भाऊ. पण नाव खोटं नाही ना सांगत?’’ नाव खोटं सांगत नाही, हे मीच त्याला वारंवार सांगितलं होतं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, ‘‘त्या बाईचं घर पाण्यात गेलं, तिची बसाची जागा तुमच्या छपरात आणून ठेवली. ती कुठं जाईन बापा? जिथून आणला तिथंच ठिवाले सांगा.’’

तोच उपाय होता आणि तो मलाही ठाऊक होता. पण पावसाळा होता. गाव पुन्हा पाण्याखाली गेलेलं, टाकीचं डोकं तेवढं बाहेर. पायरी परत न्यायची तर ज्याने उचलली त्यानेच न्यायला पाहिजे. आणि नावेच्या पुढच्या भागात दगडाचं वजन, वर ते न दिसणारं वजन. पुढून दबलेली शिडाची नाव भरवाऱ्यात फार वाईट. लाट आली की नाक पाण्यात खुपसते आणि उलटते. त्या भागात धरण इतकं पसरलं आहे की मधोमध काठ दिसत नाही. माणूस बुडाला तर हाक ऐकायला कोणी नाही. मी गजभियेला म्हणालो, माझ्या डोंग्यातून जाऊ, मी येतो सोबत.

‘‘नाही. ही नाव एकट्यासाठी केली ना आपण. मी एकटाच जाईन.’’

‘‘मरशील.’’

‘‘तिच्या वेळेले मी आलो नाही भाऊ. बहिणीनं तार केली, फोन केले. मी आलोच नाही. आता तिले घरी सोडून देतो, मंग पाहू.’’

त्याच्या आवाजात त्या दिवशी पहिल्यांदा फरक पडलेला मी ऐकला. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, या वयात कोणापासून लपवायचं. माझ्या हातच्या नावेतून आजवर माणूस बुडालेला नव्हता आणि हा माणूस तर मला भावासारखा झाला होता. पण त्याला अडवायचं कोणत्या तोंडाने? दगड आम्ही दोघांनी उचलून पुढे ठेवला. नाव आणखी खाली गेली. मी मधली फळी, सुकाणू, दोर, गाठी सगळं पुन्हा पुन्हा तपासलं, इतकं की तो शेवटी हसून म्हणाला, ‘‘आता सोड बाप्पा.’’

वारा बेताचा होता. शीड भरलं आणि नाव नाक खाली घालून, पाणी नांगरत निघाली. लांबून पाहताना मला साफ दिसत होतं: मागे एकजण, पुढे जागा रिकामी, आणि नाव दोघांची. पांढरं शीड आधी रुमालाएवढं झालं, मग दिसेनासं झालं.

तो दिवस मी छपरात काम करत काढला असं सांगितलं तर खोटं होईल. मी काठावर बसून होतो. बायको भाकरी घेऊन आली, ती तशीच परत गेली, मग स्वतःच येऊन बसली. दुपारी वारा उठला आणि मधोमध पांढरे शेंडे दिसायला लागले. मी मनातल्या मनात फळी न्‌ फळी आठवत होतो. कुठली सैल राहिली असेल, कुठली वात नीट बसली नसेल.

ऊन उतरायला लागलं तेव्हा शीड दिसलं. मी उठून उभा राहिलो. नाव सरळ येत होती, आणि तिचं पुढचं टोक आभाळाकडे होतं. एकटा माणूस मागे बसल्यावर असायला पाहिजे तसं. पुढचं वजन उतरलं होतं. मी वेड्यासारखा ओरडलो, टॉवेल हलवला. बायको पदराला डोळे पुसत होती आणि वर मलाच म्हणत होती, ‘‘रडता कायले आता?’’

त्याने शीड उतरवलं आणि वल्ह्याने नाव काठाला लावली. अंग पार भिजलेलं, पण चेहरा शांत. इतका शांत चेहरा मी त्याचा आधी पाहिला नव्हता.

‘‘ठेवली भाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘दाराशीच ठेवली.’’

बायको चहा टाकायला घराकडे निघाली. मी त्याला हात दिला. हात गरम होता, चांगला जिवंत माणसाचा. दुसरा हात मी सवयीने नावेच्या काठावर ठेवला. माणूस उतरला की नाव उसळते. सगळ्याच नावा उसळतात, ओझं गेलं की त्यांना राहवत नाही. ती उसळी हाताने दाबून धरायची असते, नाहीतर नाव दूर पळते. गजभियेने पाय काठावर टाकला, मग दुसरा टाकला, आणि चिखलातून वर चालत गेला. माझ्या हाताखाली नाव जागची हलली नाही.

मी रेघ पाहिली. पुढचं टोक वर, मागचं खाली. तो बसलेला असताना होतं तसंच. मी आत पाहिलं. पाणी नाही, सामान नाही, कोरडी पाटी. माणूस माझ्या अंगणाकडे चालला होता आणि त्याचं वजन नावेत बसून होतं.

दोर माझ्या हातात होता. बांधायचा खुंटा पायाशी होता. गजभिये अंगणातल्या बाजेवर जाऊन बसला. मग मी हात उघडला आणि दोर पाण्यात पडू दिला. ओढ काठाकडे होती, वाराही काठाकडेच होता. तरी नाव हळूच मागे सरली, वळली आणि शिडावाचून, वल्ह्यावाचून, ज्या वाटेने आली होती त्या वाटेने निघाली. ती गेली ती गेली, पुन्हा कोणाला दिसली नाही.

गजभिये आहे. आसगावला असतो, जेवतो, झोपतो, बहिणीच्या धानाकडे बघतो. तब्येत चांगली आहे. इकडे आला की येऊन बसतो, पण नावेबद्दल त्याने कधी एक शब्द विचारलेला नाही, आणि नंतर मीही तो विषय काढलेला नाही. त्या संध्याकाळीही तो अंगणातल्या बाजेवर बसून आमच्या घरात ‘वहिनी, चहात साखर कमी टाका’ म्हणून सांगत होता. मी काठावरून ओरडलो, ‘‘दिवाकर, नाव चालली!’’ त्याने मान वर केली नाही. जिच्यासाठी त्याने इतके महिने हात सोलून घेतले होते ती त्याच्या डोळ्यांसमोर जात होती, आणि त्याला वळून बघावंसंही वाटलं नाही. मला आधी त्याचा राग आला. मग कळलं की वळून बघणार तरी कोण? ज्याने बघितलं असतं तो नावेत बसून आईकडे, घरी निघाला होता.